आधी माझे कागद बघा

"आधी माझे कागद बघा. मग मी तुमची भिंत बघतो."

चप्पल काढायच्या आधी, उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून ते हे म्हणायचे. मग काखेतली रेक्झिनची फाईल उघडायची. एकेक कागद प्लॅस्टिकच्या पिशवीतनं बाहेर यायचा. डिप्लोमा. लायसन. सरकारी बांधकाम खात्यातनं रिटायर झाल्याचं पत्र. तुम्ही वाचेपर्यंत ते हाताची घडी घालून तिथंच उभे. तुमचे डोळे ओळींवरून सरकतायत का नुसते कागदावर ठेवलेत, ते बघत.

मी नुसते ठेवले होते. तेही फोटोवर. फोटोत काळेभोर केस आणि जाड मिशी, समोर दोन्हीपैकी काहीच नाही. मी मनात म्हटलं, हा माणूसच वेगळा आहे.

एवढा संशय कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर सांगतो. मी उदगीरचा. आमच्या स्टँडबाहेर एक दात काढणारा बसायचा. न मागता सर्टिफिकेट दाखवायचा, फ्रेम केलेलं. एकदा मी जवळ जाऊन वाचलं. ते टायपिंगच्या परीक्षेचं होतं. तेव्हापासून कोणी न मागता कागद काढला की मी आधी माझं तोंड मिटून घेतो.

सध्या मी हैदराबादला, नारायणगुड्यात आत्याकडं राहतो. कंपनीत कामाला आहे, पण अर्धा आठवडा काम घरूनच, बैठकीत पंख्याखाली लॅपटॉप उघडून. आत्या रिटायर शिक्षिका. घर तिचं स्वतःचं, खाली आम्ही, वर भाड्यानं अक्का. अक्का तेलुगू, एकट्याच, वीस वर्षांपासून वर आहेत. आत्याला 'टीचरम्मा' म्हणतात, मला 'बाबू'. दोघींचं इतकं गूळपीठ की वरनं पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात आला की खालनं थालीपीठ जाणार. डबा रिकामा परत करायचा नाही, हा दोघींचा नियम. त्यामुळं एकच स्टीलचा डबा, बुडाशी तेलुगूत अक्कांचं नाव कोरलेला, वीस वर्षं जिन्यावरून वरखाली करत होता.

आणि मग बैठकीच्या भिंतीला ओल आली. आधी पोपडे, मग पिठासारखा पांढरा लोणा, मग तो कुबट वास. आत्याला रात्रंदिवस खोकला.

पहिला तज्ज्ञ मी आणला. कबूल करतो. फोनवर शोधला, तारे भरपूर होते आणि तपासणी फुकट. टाय घातलेला माणूस आला. त्याच्याकडं एक मशीन होतं, भिंतीला लावलं की "टीं टीं टीं" करायचं. मी त्याची नक्कल आजही हुबेहूब करतो. ते मशीन भिंतीला वाजलं, कपाटाला वाजलं, आत्याच्या खुर्चीलाही वाजलं. खुर्ची लाकडाची. तरी त्यानं दोन मिनिटांत निकाल दिला: वरच्या बाथरूममधनं गळतंय. वरचं घर रिकामं करा, सगळं फोडू, आमचं केमिकल भरू.

आत्यानं वर जाऊन अक्कांना विचारलं, तुमचं बाथरूम गळतंय का? अक्का म्हणाल्या, "अय्यो, मेरा बाथरूम तुम्हारे दिवाणखाने से सूखा रहता." झालं. बोलाचाली वाढली. आत्या खाली आली ती तोंड लाल करून, आणि सांगून आली, पाडव्यापर्यंत घर रिकामं करा.

पाडवा म्हणजे अक्कांची उगादी. तीन आठवडे होते.

डबा तेव्हा नेमका आमच्याकडं होता. भरून द्यावा तर भांडण, रिकामा द्यावा तर नियम मोडतो. तो फडताळात बसून राहिला. आणि वर, रोज संध्याकाळी, अक्का सुलतान बाजारातनं कापडवाल्यांचे रिकामे खोके घेऊन जिना चढताना दिसायला लागल्या. आत्या खिडकीतनं खोके मोजायची आणि खोकायची.

पण एक होतं. टायवाला मला काही पटत नव्हता. आत्यालाही. वीस वर्षं वर राहिलेल्या बाईला एका टीं टींवर घराबाहेर काढायचं? आत्याच्या शाळेतल्या एका जुन्या बाईंनी मग नंबर दिला. म्हणाल्या, "माणूस तिरसट आहे. पण तो काही विकत नाही."

काही विकत नाही? मला तर जास्तच संशय आला. मग येतो कशाला?

तर असे ते आले. हैदराबादी मराठी घरातले. मराठी बोलता बोलता दखनीत घसरायचे आणि आपण घसरलो हे त्यांना कळायचंही नाही. सगळे त्यांना ओव्हरसियर साहेब म्हणायचे. आत्यानं चहा विचारला.

"नक्को. चहा पिला की भिंत बरी दिसायला लागते. काम झाल्यावर."

मशीन त्यांच्याकडंही होतं. पण ते त्यांनी आधी स्वतःच्या तळहाताला लावलं, मग समोरच्या कोरड्या भिंतीला, आणि मला म्हणाले, "आकडा वाच. मोठ्यानं." मग ओलीच्या भिंतीला. मग मशीन खिशात, आणि खिशातनं जुनं चार आण्याचं नाणं. नाण्यानं टकटक करत, कान भिंतीला लावून, डोळे मिटून ते इंचाइंचानं सरकत गेले. डॉक्टर पाठ तपासतो तसे. मधेच बोटावर लोणा घेतला आणि जिभेला लावला.

"ई!" आत्या म्हणाली.

"खारट आहे," ते म्हणाले. "आता मला सांगा, ओल कुठपर्यंत आहे?"

"गुडघ्यापर्यंत," मी म्हटलं.

"वरनं गळणारं पाणी गुडघ्यापाशी कायको सुरू होतंय?"

यावर टायवाल्यानं काय सांगितलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. टीं टीं शिवाय काही आठवेना.

त्यांनी भिंतीवर प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेपनं बंद करून चिकटवला, वर तारीख आणि सही. पाणी प्लॅस्टिकच्या मागं जमलं तर भिंतीतलं, पुढं जमलं तर खोलीतल्या हवेतलं. मग म्हणाले, आता वर जायचं.

वर अक्कांनी दार अर्धंच उघडलं. "तुम कौन?"

"पहले मेरे कागजां देखो, अम्मा."

आणि अक्कांनी बघितले! चष्मा आणला, खुर्ची घेतली, डिप्लोम्याची पहिली ओळ ते शेवटचा शिक्का सगळं मोठ्यानं वाचलं. लायसनचा नंबर आपल्या वहीत उतरवून घेतला. मुदत कधी संपते ते विचारलं. ओव्हरसियर साहेब उभे होते, आणि मी बघितलं, त्यांच्या हाताची घडी सुटली होती. खाली उतरताना मला म्हणाले, "बघितलं? असं वाचतात. तू नुसता फोटो बघितलास."

अक्कांच्या बाथरूमच्या जाळीत त्यांनी बोळा कोंबला, लाल रंगाचं पाणी भरून एक दिवस ठेवलं. त्या दिवशी अक्का शेजारी अंघोळीला. खाली आमच्या छताला लाल टिपूसही नाही.

"मग अक्कांचा दोष नाही ना?" आत्यानं विचारलं.

"आज नाही सांगत."

हे त्यांचं दुसरं वाक्य. आज नाही सांगत. दुसऱ्यांदा आले, प्लॅस्टिकच्या मागं थेंब जमले होते. आज नाही सांगत. तिसऱ्यांदा आले, बाहेरून घराला चक्कर मारली. आज नाही सांगत. पाडव्याला दहा दिवस उरले. वर खोक्यांना सुतळी बांधल्याचे आवाज यायला लागले.

माझा संशय आता पिकला. मी ठरवलं, या माणसाची परीक्षा घ्यायची. मला एकच विद्या येते, आवाज काढायची. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात वर्गाला सुट्टी दिलीय मी. तर एका दुपारी बैठकीतच बसून मित्राच्या नंबरवरून फोन लावला आणि बेगम बाजारातला केमिकलचा व्यापारी झालो. पानाचा तोबरा भरलेला.

"अस्सलाम साब! वो नारायणगुडे की पार्टी को हमारा माल बोल दो ना. आपका खयाल रखेंगे."

पलीकडनं उत्तर आलं, "मेहरबानी. पहले आपके कागजां भेजो." फोन बंद.

मी आत्याला सांगितलं, बघ, हो पण नाही म्हणाला आणि नाही पण नाही म्हणाला. पक्का आहे.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तर कहर झाला. सकाळी सहाला आत्यानं मला हलवून उठवलं. "अरे, तो माणूस समोर बसलाय! घर हेरतोय!" खरंच. समोरच्या चहाच्या टपरीवर, स्कूटरला टेकून, आमच्या घराकडं टक लावून. संध्याकाळी परत. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी मी रस्ता ओलांडून गेलो.

"काय करताय इथं?"

"भिंत बघतोय."

"भिंत आत आहे!"

"भिंत बघून झाली. आता माणसं बघतोय." आणि मला म्हणाले, "उद्या सकाळी टीचरबाई आणि वरच्या अम्मा, दोघींना अंगणात बोलव. येणार नाही म्हणाल्या तरी बोलव."

आल्या. एकीनं आकाशाकडं बघितलं, दुसरीनं गेटकडं. मधे मोगरा. बैठकीच्या भिंतीला बाहेरून लागून दोन वर्षांपूर्वी आत्यानं विटांचा वाफा बांधून घेतला होता, माती भरून. फुलं खाली देवाला, वर अक्कांच्या वेणीला.

ओव्हरसियर साहेबांनी विचारलं, "या मोगऱ्याला पाणी कोण घालतं?"

"मी," आत्या म्हणाली.

"मैं," अक्का म्हणाल्या.

मग दोघींनी पहिल्यांदा एकमेकींकडं बघितलं.

"आधी वार ठरलेले होते," आत्या म्हणाली. "एक दिवस त्यांचा, एक दिवस माझा. पण भांडण झालं. मला वाटलं, त्या आता कशाला घालतील? झाड मरेल. म्हणून मी रोज संध्याकाळी..."

"मैं सोची टीचरम्मा गुस्से में है, नहीं डालेगी," अक्का म्हणाल्या. "तो मैं रोज सुबह..."

"किती?"

"दोन बादल्या."

"दो बकेट. एक जास्ती, गर्मी है ना."

मी बोटांवर बादल्या मोजल्या आणि हात खिशात घातला.

ते वाफ्याजवळ उकिडवे बसले. काठीनं मातीची उंची दाखवली, मग खिडकीतनं आतल्या फरशीची. माती फरशीच्या दीड हात वर होती. "दोन वर्षं ही ओली माती तुमच्या भिंतीला मिठी मारून बसलीय. वरच्या अम्माचा दोष नाही. तुमचाही नाही, टीचरबाई. वाफा बांधणाऱ्या मिस्त्रीचा आहे. पहिल्या दिवशीच मला वाटलं होतं. पण वाटलं म्हणून सांगत नसतो मी. कोणाचं घर जाणार होतं इथं."

आत्या आत गेली. तिनं सांज्याच्या पोळ्या केल्या, डबा घासूनपुसून भरला, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतः जिना चढली. वरनं बराच वेळ रडण्याचा आवाज आला, मग हसण्याचा, मग सुतळी कापल्याचा.

ओव्हरसियर साहेब एका पानावर रिपोर्ट लिहीत बैठकीत बसले होते. वर पंखा चालू होता. न बघता म्हणाले, "या पंख्याची बेअरिंग गेलीय. खट-खट, मग जरा थांबून एक खट."

"हो, बरेच दिवस झाले."

"फोनवर पण येत होतं ऐकू."

माझ्यातला बेगम बाजारचा व्यापारी कुठं लपू ते बघायला लागला.

"आवाज छान काढतोस," ते म्हणाले. "मला राग नाही आला. बरं वाटलं. चाळीस वर्षांत कोणी मला असं तपासलं नव्हतं. बिनतपासता कोणाला घरात घ्यायचं नाही, हौ ना? मला पण नाही."

वाफा काढला. मोगऱ्याचे दोन भाग केले, एक कुंडी खाली, एक अक्कांच्या गॅलरीत. गिलावा खरवडला, भिंत उन्हाळाभर उघडी ठेवली, शेवटी नवा गिलावा केला. जूनमध्ये ते आले, नवा प्लॅस्टिकचा चौकोन चिकटवला, तारीख, सही. आत्यानं कप पुढं केला.

"दसऱ्यानंतर. पावसाळा जाऊ दे, मी येऊन हे उघडतो. भिंत कोरडी निघाली तर दोन कप पिणार."

दसरा गेला. ते आले नाहीत. मी फोन लावला. त्यांच्या मुलीनं उचलला. म्हणाली, बाबा ऑगस्टमध्ये गेले. मग विचारलं, "आपण कोण बोलताय?" मी माझं नाव सांगितलं, माझ्याच आवाजात. ती म्हणाली, "पंखावाले का?"

दिवाळीला रंगारी आला. तो उंबऱ्यात पाय ठेवणार, तेवढ्यात जिन्यावरनं अक्का ओरडल्या, "ए बाबू! पहले उसके कागजां देखो!" बिचाऱ्यानं आधार कार्ड काढलं. मी शेवटपर्यंत वाचलं, पत्त्यासकट.

त्यानं भिंतीवर हात फिरवला, म्हणाला, छान सुकलीय, आणि तो चौकोन काढायला नख लावलं.

"त्याला हात लावू नको," आत्या म्हणाली. "कडेकडेनं रंग दे."

आता आमची बैठक मोतिया रंगाची आहे. मधे गुडघ्याच्या उंचीला एक वीतभर प्लॅस्टिक, त्यावर जूनची तारीख आणि वाकडी सही. मी रोज वाकून बघतो. मागं अजून थेंब नाही.