मनाई असलेली पिशवी

जे नाव वापरायला कोर्टाने मला मनाई केली होती, त्याच नावाची पिशवी घेऊन मी कोर्टात गेलो. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की हे हमखास आठवतं. जामसंड्यात आजोबांच्या नावाने कपड्यांची दोन दुकानं होती, एक माझं, दुसरं थोरल्या चुलतभावाचं. नावावर हक्क कोणाचा यावरून वाजलं आणि ऐन चतुर्थीच्या तोंडावर, मुंबईकर खरेदीला यायच्या वेळी, त्याने तात्पुरता मनाई हुकूम आणला. मी निमूट पाटी उतरवली, पिशव्या माळ्यावर टाकल्या आणि हुकूम पाळल्याचं प्रतिज्ञापत्र घेऊन ओरोसच्या जिल्हा कोर्टात गेलो. घाईत ते कशात घातलं हे बघतो कोण! कोर्टातल्या बाकावर शेजारी भाऊच बसला होता. पिशवीवरचं नाव दिसताच त्याने ती हिसकावली, स्वतःच्या वकिलाची नजर चुकवून मांडीखाली दडपली आणि पुटपुटला, "जज्जान बघल्यान तर दुकानाक कुलूप लागतला, मेल्या!" पुढे तडजोड झाली, आता दोघांचं एकच दुकान आहे. गिऱ्हाइकांना मी हा किस्सा रंगवून सांगतो, तेव्हा तो कापड फाडता फाडता म्हणतो, "उगाच वकील लावलंय मी. ह्याका हरवूक ह्यो एकटोच पुरो होतो!"