कोरडी गादी

दाजीबानपेठेतलं कापडाचं दुकान मुलाच्या हवाली केलं आणि मी एक ट्रेलर बांधून घेतला. कारच्या मागे जोडायचा, दोन माणसं झोपतील एवढा. दोन खिडक्या, एक दार. लग्न झाल्यापासून बायकोला कुठे म्हणून नेलं नव्हतं. दुकान एक दिवस बंद ठेवायचं तरी माझ्या जिवावर यायचं. आता भर पावसाळ्यात तिला दांडेलीच्या जंगलाकडे न्यायचं ठरवलं. ती एवढंच म्हणाली, "गादीला पाणी लागलं तर त्याच पावली परत. मग पुन्हा विचारायचं नाही बघा."

निघण्याआधी अंगणात परीक्षा घेतली. मी बाहेरून पाइपने पाणी मारत होतो, ती आत गादीवर बसलेली. "आलं!" आतून आवाज. दाराजवळचा गादीचा कोपरा ओला. दुर्गदबैलाच्या बाजारातून रबराची पट्टी आणून दाराला चारी बाजूंनी चिकटवली, खिडक्यांच्या फटींत सिलिकॉन भरलं. पुन्हा पाणी मारलं, पुन्हा "आलं!" माझं डोकं फिरलं. ट्रेलर बांधणाऱ्या कारागिराला फोन लावून नाही नाही ते बोललो. तो बिचारा "येतो अण्णा, येऊन बघतो" एवढंच म्हणत राहिला.

फोन ठेवतोय तोवर तिने हाक मारली. "ओ, आत या. वर बघा."

दाराच्या वर, आतल्या बाजूला, खिळ्यांची दोन टोकं पत्र्यातून बाहेर आली होती. दोन्हींवर थेंब लोंबत होता.

आमच्यात तोरण बांधल्याशिवाय नव्या दारातून आत जात नाहीत. ट्रेलरच्या पूजेच्या दिवशी आंब्याचं तोरण लावायला घराच्या चौकटीत ठोकावेत तसे दोन खिळे ट्रेलरच्या पत्र्यात मारले गेले होते.

"हे कुणी ठोकले?" मी ओरडलो.

"कुणी म्हणजे? तुम्हीच ठोकलासा की!" ती हसून हसून गादीवर बसली.

काखेत कळसा नि गावाला वळसा. खिळे उपटले, भोकं बुजवली, तोरण चिकटणाऱ्या आकड्यांवर टांगलं. मग कारागिराला पुन्हा फोन लावून माफी मागितली.

दांडेलीला पोचलो त्या दुपारी, जेवणं होतात तोच पावसाने झोडपायला सुरुवात केली. मी फडकं घेऊन दाराची वरची कड, मग खिडक्या बोटांनी चाचपत राहिलो. सगळं कोरडं. मोठ्या ऐटीत तिला सांगायला वळलो तर ती गाढ झोपली होती. इतकी वर्षं दुकानातल्या माणसांचे डबे, भांडी, मग सगळ्यांचा चारचा चहा. दुपारी आडवी झालेली ती मी कधी पाहिलीच नव्हती. मला माझीच लाज वाटली.

चार वाजले. चहा मी टाकला, आणि तिला उठवलं नाही.