डाव्या खांद्यावरचा हार

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या डाव्या खांद्यावर नागीण उठली. फोड वाळले, खपल्या पडल्या. आग मात्र राहिली. पोलक्याची बाही टेकली तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. पदर तर सोसतच नव्हता.

शिरूर तालुक्यात न्हावऱ्याला आमची शेवंती-झेंडूची शेती आहे. वाडीवरच्या बिरोबाला रविवारचा हार आमच्या घरातून जातो. तो टोपलीतून नेत नाहीत. घरच्या बाईने डाव्या खांद्यावर टाकून न्यायचा असतो. सासूबाईंनंतर ते काम माझ्याकडे आलं. नागीण झाल्यापासून हार बंद पडला. देवाने सेवा काढून घेतली, असं मी धरून चालले. पुढे तर देव आहे की नाही, असंही मनात येऊ लागलं.

फोड आले तेव्हा रीतीप्रमाणे दौंडजवळच्या एका आप्पांकडून त्यावर काव, म्हणजे ओला गेरू, लावून घेतली होती. काव अंगावर असताना औषध घ्यायचं नाही, असा आमच्याकडे समज आहे. म्हणून दवाखाना झालाच नाही. आग थांबेना, तेव्हा पुन्हा काव लावून घ्यायला एका सकाळी नवऱ्याच्या मोटारसायकलवर निघाले. निघताना बिरोबाला एवढंच म्हटलं, मला काही कळेनासं झालंय, आता तूच ने.

आप्पांनी खांदा पाहिला. "फोड कुठंय? नागीण कवाच गेलीया. काव लावू कशावर?"

"मग आग कशाची होतीया, आप्पा?"

"ते मला न्हाई ठावं. माझं काम फोडापुरतं."

मला रडू आलं. ओसरीवर एक अनोळखी बाई आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. मी पदर दोन बोटांनी खांद्यापासून वर उचलून धरला होता, तिकडे तिचं लक्ष गेलं.

"आक्का, अख्खा पावसाळा मी बी पदर आसाच धरत हुते," ती म्हणाली. "नस जळतीया ती. तिची गोळी असती. चला, दौंडात डॉक्टर दावते."

"आन् काव?" नवऱ्याने विचारलं.

"काव ऱ्हाऊ द्या तुळशीच्या कट्ट्याला!"

आप्पाही हसले. आपली पाळी सोडून तिनेच रिक्षा थांबवली, नवरा मोटारसायकलवर मागून आला.

नागिणीने नसेला इजा झाली आहे, फोड आल्या आल्या यायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. रात्रीची गोळी दिली. थोडक्यापासून सुरू करून हळूहळू वाढवली. मनाने बंद करू नका, अशी ताकीद दिली. गुंगी यायची. सुरुवातीला फरक पडला नाही, मग आग ओसरत गेली.

त्या दिवशी मी तपासून घेऊन बाहेर आले तेव्हा ती बाई गेलेली होती. नाव विचारायचं राहिलं. आप्पांनाही ती ठाऊक नव्हती. ती कोण, हे मी ठरवत नाही. मी काव मागायला गेले होते आणि दवाखान्याच्या दारात पोचले. 'तूच ने' म्हटल्यावर कुठे नेलं म्हणून हुज्जत घालू नये, इतकं मला उमगलं. गोळी घेताना आधी बिरोबाचं नाव घेते, मग त्या बाईची आठवण काढते.

खांदा अजून अधूनमधून चुरचुरतो. गेल्या रविवारी शेवंतीचा हार देवळात गेला. मी नेला, डाव्या खांद्यावरून.