कोऱ्या स्लिपांवरच्या सह्या

चाकणच्या वायरिंगच्या कंपनीत मी नऊ वर्षं एकाच टेबलावर बसले. त्यातली सहा वर्षं माझ्या शेजारी ती होती. ती लातूरकडची. नवरा टेम्पोवर, आठवड्यातले चार दिवस बाहेरच. एक मुलगी, शाळेत जाणारी. मोशीत आमच्या घरामागच्या चाळीत तिची भाड्याची खोली होती. मी मोशीचीच सून. पहिल्या शिफ्टला आम्ही एकाच बसने जायचो, एकाच बसने यायचो. अख्ख्या वाटेत काय बोलायचो, ते आज विचाराल तर मला नीट सांगता यायचं नाही. तिच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी मात्र आठवते. झाकण उघडलं की निम्मी चटणी ती न विचारता माझ्या भाकरीवर ठेवायची. मी नको म्हटलं की म्हणायची, "तुझी भाजी आळणी असती गं, घे गुमान."

हिशोबात तिचा हात कोणी धरायचं नाही. सुपरवायझर कॅल्क्युलेटर काढेपर्यंत हिचं उत्तर तयार. बचत गट काढायची कल्पना तिचीच. चाळीतल्या आणि गावातल्या मिळून आम्ही बाराजणी जमलो. महिन्याला प्रत्येकीचे पाचशे. मी गावातली, सगळ्यांना माहीत असलेली, म्हणून अध्यक्ष झाले, ती सचिव. बँकेतून पैसे काढायचे तर दोघींच्या सह्या लागायच्या. पण बँकेत जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा, पगार कापला जायचा. तिची दर पंधरवड्याला दुसरी शिफ्ट यायला लागल्यावर तिला सकाळ मोकळी मिळायची. मग मीच म्हणाले, "तू जात जा. मी स्लिपांवर सह्या करून ठेवते." एकदा पाच केल्या, एकदा दहा. आकड्याची जागा कोरी. वर्षभर असं चाललं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

रमी तिला वडलांनी शिकवली होती. दिवाळीत आम्ही शेंगा लावून खेळायचो आणि सगळ्या शेंगा तिच्याकडे जायच्या. मोबाईलवरची रमी तिने कधी सुरू केली, मला कळलं नाही. कळलं तेव्हा ती जिंकत होती. त्या जिंकलेल्या पैशांतून माझ्या सासूबाईंना तिने डोळे तपासून घेऊन चष्मा करून दिला. सासूबाई तो लावून दारात बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "पोटच्या लेकीनं केलं न्हाई, ते हिनं केलं."

तिला त्या खेळवाल्यांकडून एका माणसाचा फोन यायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने माझ्या कानाला लावला. तो म्हणत होता, "मॅडम, वाढदिवसाच्या शुभेच्छा. तुमच्यासाठी खास बोनस ठेवलाय." फोन ठेवून ती म्हणाली, "किती अदबीनं बोलायलाय बघ. मला मॅडम म्हणतोय." आमच्या लाइनवर तिला सगळे बसायच्या जागेवरून 'चार नंबर' म्हणायचे. माझ्याही वाढदिवसाला असा फोन कोणाचा आला नव्हता. मला खरं तर तिचा हेवाच वाटला.

त्याच उन्हाळ्यात आम्ही दोघी भोसरीला फ्रिज घ्यायला गेलो. हप्त्यावर घ्यायचा होता. दुकानातल्या फायनान्सच्या मुलीने तिची पगाराची स्लिप मागितली, भाडेकरार मागितला, लाइटबिल मागितलं, घरमालकाला फोन लावला. बाकीचे खर्च किती, मुलीची फी किती, सगळं विचारलं. शेवटी म्हणाली, "ताई, तुमची नोकरी कंत्राटी आहे. एवढा हप्ता तुम्हाला झेपणार नाही." आम्ही परत आलो. रिक्षात ती हसत होती. "चौदा हजाराच्या फ्रिजला माझी लायकी नाही म्हणे," म्हणाली. मीही हसले. त्या वेळी ती महिन्याला तेवढेच पैसे त्या खेळात भरत होती, आणि तिथे तिला कोणीच काही विचारत नव्हतं, हे मला माहीत नव्हतं.

उघडकीला आलं ते गटातल्या एकीच्या ऑपरेशनमुळे. तिला चाळीस हजार हवे होते. ती सचिवांकडे चार वेळा गेली, चार वेळा नवं कारण ऐकून आली, आणि मग माझ्याकडे आली. मी सुट्टी टाकून बँकेत गेले, दुसरं पासबुक छापून घेतलं. खात्यात चारशे बारा रुपये होते.

मी सरळ मागच्या चाळीत तिच्या खोलीवर गेले. ती मेथी निवडत बसली होती. माझ्या हातातलं पासबुक पाहिलं आणि तिने जुडी खाली ठेवली.

"किती गेले?" मी विचारलं.

"सगळे. सव्वादोन लाख."

"कशात?"

तिने मोबाईल माझ्यापुढे सरकवला. "पहिल्यांदा दहा हजार घेतले, ते परत भरलेले मी. शपथ. मग वीस घेतले. ते जिंकून भरायचे म्हणून आणखी."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू थांबवलं असतंस," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावला.

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी पासबुक घेऊन तशीच बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर बाराजणी बसल्या. तिने उभं राहून स्वतः सांगितलं. कोणी रडलं, कोणी शिव्या दिल्या. एक म्हणाली, त्या खेळवाल्यांनाच धरा. तसं आम्ही करून पाहिलं. माझ्या भाचीने तक्रार लिहून पाठवली: पंधरा हजार पगाराची बाई महिन्याला तेवढेच भरते, तुम्ही एकदा तरी विचारलंत का, हे पैसे कुठून येतात? चार ओळींचं उत्तर आलं. खेळणाऱ्याने स्वतःच्या पैशाने खेळत असल्याच्या अटीवर खूण केलेली आहे, कंपनी जबाबदार नाही. खूण म्हणजे एका चौकटीवर बोट टेकवणं. ते तिने टेकवलं होतं.

मग दोघीतिघींनी हट्ट धरला आणि आम्ही पोलीस चौकीत गेलो. ती आमच्याबरोबरच आली, आमच्याच रिक्षात. साहेबांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "खेळवाल्यांवर काय लावू? बाईने आपल्या हाताने भरलेत." मग त्यांनी बँकेतून आणलेल्या स्लिपा पुढे ओढल्या. "ही दुसरी सही कोणाची?"

"माझी," मी म्हणाले.

"आकडा बघून केली होती?"

मी मागे वळून पाहिलं. माझा नवरा दारात उभा होता, मागे गटातल्या बाया होत्या. तेवढ्यात ती म्हणाली, "आकडा बघूनच केली होती साहेब. तेव्हा तो लहान होता. पुढचं शून्य मी वाढवलं."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "हे बोललीस त्याचा अर्थ कळतोय का तुला?"

"कळतोय."

"फसवायला त्या खेळवाल्या माणसाने लावलं का?"

"त्यानं विचारलं नाही, हे खरं हाय. पण घेतले मी. बायांचे पैसे हायत, हे त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

मी गप्प बसले. त्या खुर्चीवर बसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, मी गप्प बसले.

गुन्हा नोंदवला गेला नाही. पैसे परत मिळण्यावर बायांनी तडजोड केली. तिने दागिने मोडून नव्वद हजार दिले, बाकीच्याचं लिहून दिलं, महिना पाच हजार. पंधरा दिवसांत तिच्या नवऱ्याने खोली सोडली आणि तिघं गावी गेली. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मी खिडकीतून बघत होते. खाली उतरले नाही.

त्यानंतर दर महिन्याच्या सात तारखेच्या आत गटाच्या खात्यात तिचे पाच हजार यायचे. खात्याला आता माझा नंबर जोडला होता, मेसेज माझ्या मोबाईलवर यायचा. तिच्या नावाची ती एक ओळ बघायला मी सहा तारखेपासूनच मोबाईल हातात धरून बसायचे. ती तिकडे दुसऱ्यांच्या शेतात जाते, शिवणकाम करते, असं कानावर यायचं. एकदा हप्ता दोन दिवस उशिरा आला तर मला जेवण गेलं नाही. पैशाची काळजी नव्हती. ती आजारी तर नसेल ना, एवढंच वाटत होतं. सत्ताविसावा हप्ता आला त्या दिवशी सगळ्या बाया खूश झाल्या, पेढे आणले. मी माझा पेढा तसाच कागदात ठेवला. पुढच्या महिन्यापासून तिच्या नावाचं काहीच यायचं नव्हतं.

तेव्हाच मी सांगून टाकलं. स्लिपा कोऱ्या होत्या, शून्य कोणीच वाढवलं नव्हतं, चौकीत ती माझ्यासाठी खोटं बोलली. मग आमच्यात सगळ्यात वयस्क, भाजी विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "व्हय, आमीबी तीन वर्सं पासबुक बघाया मागितलं न्हाई. पर तू तिला येकटीला जाऊ दिलंस, ते वंगाळ केलंस." मी अध्यक्षपद सोडलं. बायांनी ठरवलं, तिला परत यायचं असेल तर सभासद म्हणून घ्यायचं, पैशाचं काम मात्र द्यायचं नाही.

हा निरोप द्यायला मी फोन केला. तीन वेळा वाजून बंद झाला, चौथ्यांदा तिने उचलला. मी चौकीचं बोलायला लागले तर तिने मला थांबवलं. "ऱ्हाऊ दे गं. तुझी सासू गेली असती तुला आत टाकलं असतं तर." मी बायांचा निरोप सांगितला. ती हसली. अडीच वर्षांनी ऐकलं मी ते हसणं.

"पैसे लावायचे ते खेळ आता सरकारनं बंद केलेत म्हणे," मी म्हणाले.

"हाव, ऐकलं. मी त्याच्या आधीच मोबाईल साधा घेतला."

"मग येतेस ना?"

"पोरीची दहावी हाय. इथं बसलंय तिचं बस्तान. नाही येणं व्हायचं आता." मग तिनेच विचारलं, "चाळीत पाणी येतंय का वेळेवर?"

मी म्हणाले, "एक दिवसाआड. तेही सकाळी सहाला."

"मग तुझी तर पहिल्या शिफ्टची पंचाईत होत असंल."

"होते ना. सासूबाई भरतात."

"त्यांना नको गं उचलू देऊ हंडे," ती म्हणाली. आणि मग आम्ही कितीतरी वेळ पाण्याबद्दलच बोलत राहिलो.