फक्त सोमवारी

अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं, आणि निम्मा राग माझा माझ्यावरच असतो.

पुण्याच्या प्रयोगशाळेत मी मायक्रोआरएनए नावाच्या इवल्याशा रेणूंवर काम करते. ते स्वतः काही घडवत नाहीत, पेशीतले दुसऱ्यांचे निरोप तेवढे अडवतात. त्यांचं प्रमाण बिघडलं की शरीराची राखण करणाऱ्या पेशी आपल्याच सांध्यांवर उलटू शकतात. आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हंजी सोता काय करायचं न्हाई आन दुसऱ्यालाबी करू द्यायचं न्हाई. माजी सासूच की!"

गावी, उत्रोलीत, तिची बोटं सुजली की सगळे म्हणायचे, भातलावणीच्या चिखलानं होतं. हा आमवात आहे हे मीच ओळखलं, पुण्याला नेलं. डॉक्टरांनी आठवड्याला एकच गोळी दिली. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून पाकिटांवर मी लाल शाईनं लिहिलं, 'फक्त सोमवारी'. सोमवार लक्षात राहायला सोपा! एवढी मी शहाणी.

मग दर रविवारी मी तिला फोनवर विचारायचे, "दुसऱ्या कुठल्या दिवशी घेत नाहीस ना?"

"न्हाई गं. दुसऱ्या वारी हातबी लावत न्हाई."

मी खूश.

सात महिन्यांनी लावणीला घरी गेले, तर आईला भाताच्या रोपांची मूठ धरता येईना. बोटं वाकडी झाली होती. रोज तिच्या हातची भाकरी खाणाऱ्या माझ्या भावाला हे दिसलं नव्हतं! फडताळ उघडलं, तर गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी. मी ओरडलेच.

"सोमवारी उपास आसतोय माजा," ती म्हणाली. "उपासाला गोळी कशी घिऊ? आन दुसऱ्या वारी घेतली तर मरशील, म्हणलीस."

तिला पुन्हा पुण्याला नेलं. डॉक्टरांनी गोळी बुधवारवर नेली. सूज उतरेल, पण वाकलेली बोटं सरळ होणार नाहीत, म्हणाले.

गावी परतताना एसटीत मी धुमसत होते. "एका शब्दानं विचारायचं होतंस! कसला मेला हा उपास?"

आई खिडकीबाहेर लावणी करणाऱ्या बायकांकडे बघत होती.

"तू पाळण्यात व्हतीस," ती म्हणाली. "ताप उतरंना तुजा, तवा धरलाय ह्यो सोमवार. मला वाटलं, तुला म्हाईत आसंल."