तिच्या बाजूची पावलं

सिनेमातले नाच बसवण्यात माझी उभी हयात गेली. आधी मागच्या रांगेत नाचलो, मग एका मास्तरांचा सहायक झालो, आणि पुढे लोक मलाच मास्तर म्हणू लागले. मधल्या काळात पडद्यावर छोटीमोठी कामं केली, एक चित्रपटही दिग्दर्शित केला. तो आठवड्याभरात उतरला. कसबा पेठेतल्या आमच्या वाण्याने मात्र तो आवर्जून पाहिला होता. कसा वाटला, असं मी विचारलं, तर पुडी बांधता बांधता म्हणाला, थिएटरात गर्दी नव्हती, पाय लांब करून बसता आलं. त्यानंतर मी दिग्दर्शनाच्या वाटेला गेलो नाही.

मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं, की माझा ठेका शेजारच्या आळीत तांब्याची भांडी घडवणाऱ्या तांबटांच्या हातोड्यांतून आला असणार. लिहायला बरं दिसतं ते. त्या आवाजाने माझं डोकं उठायचं, बाकी काही नाही. माझे नाच खरे कसे बसायचे हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण तिला ते आवडलं नसतं.

ती म्हणजे माझी बायको. महापालिकेच्या शाळेत शिकवायची. नाच कुठे शिकलेली नव्हती. मी आठवडाभर मुंबईत असायचो, शनिवारी पुण्याला यायचो, पिशवीत नव्या गाण्याची कॅसेट घेऊन. रविवारी जेवणं उरकली की आम्ही खाट भिंतीला उभी करायचो, ती पदर कमरेला खोचायची आणि नायिका म्हणून माझ्यासमोर उभी राहायची. नायक अर्थात मी. दोघांचं गाणं एकट्याने बसवता येत नाही, समोर माणूस लागतं. भाड्याची एकच खोली, छत इतकं बुटकं की हात पूर्ण वर केला तर पंख्याला लागेल. म्हणून माझ्या नायिकांचे हात खांद्यांच्या फारसे वर जात नाहीत. एका सिनेसाप्ताहिकाने याला संयत शैली म्हटलं होतं. तिने तो मजकूर मोठ्याने वाचला, वर पंख्याकडे बघितलं आणि पोट धरधरून हसली.

पावलं ती मुकाट्याने घ्यायची नाही. शाळेतल्या मुलांना उत्तराचं कारण विचारावं तसं मला प्रत्येक हालचालीचं कारण विचारायची. एकदा गिरकीवरून आमचं चांगलंच वाजलं. मी वैतागून म्हटलं, गाण्यात गिरकी असतेच, तिला कारण कशाला हवं.

"बायका उगाच वळत नाहीत," ती म्हणाली. "काहीतरी दिसतं, नाहीतर ऐकू येतं, म्हणून वळतात."

मग आम्ही दोघं बसून कारण शोधायचो. सापडलं नाही तर गिरकी जायची. सोमवारी स्टुडिओत मी तिच्या बाजूची पावलं नायिकेला शिकवायचो, आणि शॉट चालू असताना कॅमेऱ्याशेजारी उभा राहून तीच करायचो, म्हणजे नायिकेला माझ्याकडे बघून करता यावीत. आमच्या धंद्यात हे चालतंच. गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं असतं, मास्तर कितीही ओरडला तरी त्याचा आवाज कुठे उमटत नाही.

माझ्या त्या एकुलत्या चित्रपटात लग्नाचा प्रसंग होता. घोळक्यात तू पण नाच, असं मी तिला सुचवून पाहिलं.

"मला नको लोकांनी बघायला. तुम्ही बघता ना, तेवढं पुरे," ती म्हणाली.

मी आग्रह केला नाही. त्यामुळे ती नाचतानाचं चित्र कुठेच नाही. लग्नातले फोटो आहेत, शाळेच्या निरोपसमारंभातला हार घातलेला एक आहे. सगळ्यांत ती ताठ उभी आहे.

पुढे मुलाला खराडीत नोकरी लागली आणि आम्ही तिथे फ्लॅट घेतला. ऐसपैस खोल्या, हात कितीही वर करा. तिला त्या घरात फार दिवस राहायला मिळालं नाही. ती गेली, मग मुलाची बदली बंगळूरला झाली. तो रोज फोन करून जेवलात का विचारतो, मी हो म्हणतो. बुधवार पेठेत गेलो तर अजून एखादा दुकानदार निरखून बघतो आणि सिनेमात हौदात पडणारे ते तुम्हीच ना, असं विचारतो. खराडीत तेवढंही नाही. लिफ्टमध्ये सगळे गळ्यात कार्ड अडकवून आपापल्या फोनमध्ये बघत असतात.

दुपारी एका वाहिनीवर जुनी गाणी लागतात. सुरुवातीला मी ती लावून बसायचो, कारण त्यांत मला ती दिसायची. नायिकेने मान वळवली की वाटायचं, ही नायिकेची मान नव्हे, तिची. मग हळूहळू उलटं होऊ लागलं. डोळे मिटून तिला आठवायला जावं तर नायिकाच यायची, ओठ रंगवलेली, दागिन्यांनी मढलेली. आमच्या खोलीत, भिंतीला लावलेल्या खाटेजवळ नायिका उभी! मी फार घाबरलो. ती गेली हे मी कसंबसं सोसलं होतं, पण ती वळायची कशी तेच आठवेना, हे मला सोसवेना. वाहिनी लावणं बंद केलं. त्याने काही फरक पडला नाही.

अशात एका रविवारी दुपारी शेजारच्या फ्लॅटमधली मुलगी आली. नवरा-बायको दोघंही कंपनीत नोकरीला. मी सिनेमात नाच बसवायचो हे तिला कुणाकडून तरी कळलं होतं. तिच्या आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस होता, त्यात तिला नवऱ्याबरोबर त्यांच्या आवडीचं जुनं गाणं करायचं होतं. गाणं माझंच निघालं. तिला ते माहीत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. नवरा घरी कॉलवर अडकला होता, म्हणून ती एकटीच आली होती.

"काका, स्टेप्स सगळ्या पाठ आहेत," ती म्हणाली, "पण तो टर्न काही केल्या जमत नाहीये."

फोनमध्ये बघून शिकलेली होती. कवायतीत फिरतात तशी फिरायची. कुणीतरी हाक मारलीय असं समजून वळ, असं मी सांगून पाहिलं. बिचारी माझ्या तोंडाकडे बघत, मी एक-दोन-तीन-चार मोजायची वाट पाहू लागली. शेवटी मी तिला गाणं लावायला सांगितलं आणि कितीतरी वर्षांनी नायिकेच्या जागी उभा राहिलो.

वळायच्या आधी माझा उजवा पाय जरासा थबकला. हे फोनमध्ये नव्हतं. पडद्यावर नायिकेने ते कधी केलंच नव्हतं. ते ती करायची. आमची शेगडी त्याच खोलीत होती, दूध ठेवलेलं असलं की वळण्याआधी ती क्षणभर तिकडे कानोसा घ्यायची. मी ते नायिकेलाही शिकवलं होतं, पण ताल चुकल्यासारखा वाटतो म्हणून दिग्दर्शकाने काढायला लावलं. मी साफ विसरलो होतो. पाय विसरला नव्हता. मग मान वळली, तीही तिचीच. मला रडू आवरेना. मुलीने घाबरून पाणी आणलं, मी गुडघा दुखतोय असं सांगून वेळ मारून नेली.

नंतर तिला ते वळण जमलं. नवरा आला, दोघांनी गाणं दोनदा करून पाहिलं, मला कार्यक्रमाला यायचं पक्कं आमंत्रण दिलं आणि जाताना ते गाणं माझ्या फोनवर टाकून दिलं.

दार लावून मी ते पहिल्यापासून सुरू केलं आणि तिची बाजू धरली. ती आली. थबकणं, मान, पदर सावरल्यासारखा डावा हात, सगळी आली. नायिका कुठेही नव्हती. अंतरा संपताना ती वळून नायकाचा हात धरते. मी वळलो, हात पुढे केला, तर समोर हॉल रिकामा. घाईघाईने मी नायकाच्या जागी जाऊन उभा राहिलो, तर आता तिच्या जागी कुणीच नव्हतं. मी परत तिच्या जागी आलो आणि गाणं संपेपर्यंत तिथून हललो नाही. ती हात पुढे करून उभी होती, आणि मी येत नव्हतो.