मोहा कोणी वेचायचा

मी भद्रावतीची. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, घर कॉलनीत, त्यामुळे लहानपणी सगळं भोंग्यावर चालायचं. अशी मी चामोर्शीच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावच्या शाळेत शिकवायला आले आणि पहिल्याच दिवशी आमचे सर म्हणाले, "इथं शाळा मुलं चालवतात." मी मनात म्हटलं, मग आम्ही काय करायचं? फळे पुसायचे?

हळूहळू कळत गेलं. दर शनिवारी व्हरांड्यात बालसभा बसायची. आधी काय शिकायचं, भांडी कोण घासणार, चुकलेल्याला काय शिक्षा, सगळं तिथं ठरायचं. गावच्या ग्रामसभेसारखंच, सगळे हो म्हणाले तरच ठराव. एकाचं जरी 'नाई' आलं तर पुन्हा बोलत बसायचं. आम्ही मोठ्यांनी हात वर करून बोलायचं, पण आमच्या हो-नाईला किंमत नव्हती. मी पडले तापट. तोंड आवरता आवरता जीव जायचा.

मुलांचा एक धंदाही होता. मोहाची वाळलेली फुलं भाजायची, गूळ घालून लाडू वळायचे आणि चामोर्शीच्या बाजारात विकायचे. त्याची प्रमुख होती सातवीतली एक मुलगी, अंगानं बारीक आणि आवाजानं खणखणीत. बाजारात कोणी मोहाच्या दारूवरून टिंगल केली, "चढन का गं हा लाडू?" की ही म्हणायची, "चढला तं पैसे वापस!" लोक हसायचे आणि घ्यायचे.

त्या वर्षी ऐन मोहाच्या दिवसांत आमच्याकडे वाघ फिरत होता. पलीकडच्या गावची एक बाई पहाटे मोहा वेचायला गेली, ती परत आलीच नाही. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं इथं सगळे सांगतात. आमची पोरंही फुलं वेचायला जंगलात जात, म्हणून सभा बसली आणि त्या मुलीनंच ठराव मांडला. शाळेच्या कोणत्याही पोरानं जंगलात जायचं नाही. मोहा गावातल्या बायांकडून घ्यायचा, व्यापाऱ्यापेक्षा चांगला भाव देऊन. जो नियम मोडेल त्याचं शाळेतलं काम काढून घ्यायचं. सगळ्यांचे हात वर गेले. मी हुश्श केलं. कौतुकानं मी त्या दिवशी पोरांना भजी तळून घातली.

पुढच्या शनिवारी तीच मुलगी उभी राहिली. "ठराव बदलाचा हाय," म्हणाली.

"काऊन?" कोणी तरी विचारलं.

"माही माय जंगलात जाऊन राह्यली."

मग तिनं सांगितलं. इथं मोहाची झाडं घराघराची वाटलेली असतात, पिढ्यान्‌पिढ्या. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. ह्यांची झाडं नाल्यापल्याड, दाट जंगलात. वाघाच्या भीतीनं आई घरी बसली होती. शाळेचा भाव ऐकला आणि टोपली घेऊन निघाली. "आमी नाई जात," मुलगी म्हणाली, "तं आमच्या माया जाऊन राह्यल्या."

हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

बाजारात दुकान मांडणारा तिच्याच वर्गातला मुलगा उठला. "मंग घेनं बंद कराचं? माही माय म्हनते, असा भाव कधी भेटला नाई. पान्यापावसात घरी काय खावाचं?"

"वाघ आला तं?"

"तुह्या मायले नको जाऊ देऊ."

"ऐकत नाई ना ते!" ती ओरडली आणि तिचा आवाज फाटला.

मला राहवलं नाही. "चुलीत घाला तो मोहा! शेंगदाण्याचे लाडू करा!"

सभा चालवणारी पोरगी म्हणाली, "बाई, हात वर करून बोला."

हात वर करून तेच बोलले. दुकानवाला मुलगा अगदी नरमाईनं म्हणाला, "बाई, शेंगदाना इथी कोनाच्या घरी होते?" एकमत होईना. एकमत नाही, म्हणून जुना ठराव कायम राहिला.

सोमवारपासून ती मुलगी उशिरा येऊ लागली. केसांत पाचोळा, हाताला मोहाचा वास. मी विचारलं तर सरळ सांगितलं, "मायसंगं जाऊन राह्यली मी. ते वाकून वेचते, मी पाठ लावून उभी राहते. डबा वाजवते."

"डोकं फिरलं का तुझं?" मी किंचाळलेच. संध्याकाळी तिच्या घरी गेले. आई अंगणात फुलं वाळत घालत होती.

"मी नको म्हनली, बाई," ती म्हणाली. "ते आली का माहं ध्यान टोपलीत राहतच नाई, तिच्यातच राहते. पन आपलं आपन ठरवाचं, हे तुमीच तं शिकवलं ना तिले?"

मी चहा न घेताच उठले. रस्ताभर त्या बाईचा राग आला, मग सरांचा, मग त्या वाघाचाही. भीती तर इतकी वाटत होती की पहाटे जाग आली की मी कान देऊन बसायची, डब्याचा आवाज इथवर येतो का म्हणून. तो येत नसे, जंगल लांब होतं.

शनिवारी दुकानवाल्या मुलानंच विषय काढला. नियम मोडला आहे.

"हो, मोडला," ती म्हणाली.

शिक्षा ठरलेलीच होती, लाडवांचं काम तिच्याकडून जाणार. तरी सगळ्यांचं हो लागणार. एकेक हात अडखळत वर गेला. शेवटी तिनं स्वतःचाही केला. "नियम माहाच हाय," म्हणाली. "पन उद्याही जाईन मी. परवाही जाईन."

ह्यावर काय करायचं हे सभेनं कधी ठरवलंच नव्हतं. पोरं सतरंज्या गुंडाळायला लागली.

दुकानवाला मुलगा तेवढा हलला नाही. पायाच्या अंगठ्यानं जमीन खरवडत होता. मग तिच्याजवळ गेला.

"तुमचं झाड नाल्यापल्याड ना?"

"हो."

"आमचंबी तिकडंच हाय. थोडं पुढं." मान खाली घालून म्हणाला, "डबा जरा जोरानं वाजवशीन का? माह्या मायले ऐकू जावाले पायजे."